नाना, आधी लेथ घेऊ नका

मेलबर्न,
रविवार, दुपारची झोप सोडून



नाना, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "लाकडाचं पेन करायला काय काय लागतं ते लिहून पाठव. पण त्याला विचारू नकोस, तुझ्या मनाने लिही." आपला मुलगा तुम्ही अचूक ओळखलात. यांची यादी मी पाहिली आहे. ती पुरी करायची तर आईंच्या पाटल्यांपर्यंत हात जाईल. म्हणून ही माझी यादी. मी लेथला हात लावत नाही, पण गॅरेज आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार आहे, त्यामुळे माझं शिक्षण फी न भरता झालं.

पहिलं म्हणजे, लेथ घेऊ नका. निदान आत्ता तरी नको. "लेथ हा या छंदातला स्वस्त भाग," असं इथे प्रत्येक जण हसत हसत सांगतो आणि सांगून झाल्यावर कोणीच हसत नाही. हे शिकले ते आमच्या उपनगरातल्या 'मेन्स शेड'मध्ये. ऑस्ट्रेलियाभर असे हजारावर शेड आहेत आणि 2007 पासून त्यांची देशपातळीवरची संघटनाही आहे. निवृत्त मंडळी जमतात, लाकडाची-लोखंडाची कामं करतात, चहा-बिस्किटं होतात. पुरुष समोरासमोर बसून मन मोकळं करत नाहीत, शेजारी शेजारी उभं राहून काम करताना करतात, असं या लोकांचं म्हणणं. ते यांना इतकं पटलं की आता हे समोरासमोर मुळीच बोलत नाहीत. पण लेथ, ग्राइंडर, ड्रिल प्रेस सगळं तिथे आयतं मिळतं आणि चुकलं तर सांगायला चार म्हातारे हजर असतात.

तुम्हाला शेड कशाला हवा? तुमच्याकडे लाकूड कातणाऱ्या कारागिरांची चितारआळी आहे ना! एखाद्या कारागिराला विचारून त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसा. हत्यार फिरत्या लाकडाला कुठल्या कोनात टेकतं, ढलपी तुटक उडते की फितीसारखी सुटते, हे डोळ्यांनी पाहा. तेवढं कळलं की निम्मा खर्च वाचला.

आई विचारत होत्या, "एका पेनाक इतक्यां सामान कित्याक?" आई, कारण हे पेन नुसतं लाकडाचं नसतं. आत पितळेची नळी असते. टोक, क्लिप, रिफील पुढे-मागे करणारा फिरकीचा भाग हे सगळं किट म्हणून विकत मिळतं. आपण करायची ती फक्त वरची लाकडी कातडी. नवख्याने 'स्लिमलाइन' नावाचं किट घ्यावं. सडपातळ, दोन नळ्यांचं, मध्ये एक कडं. स्वस्त असतं, त्यामुळे बिघडलं तर अंगाला लागत नाही. नाना, तुम्हाला पहिल्याच दिवशी शाईचं पेन करायचंय हे मला माहीत आहे. त्याला टोपणाला एक आणि दांड्याला एक अशी दोन मापांची भोकं लागतात, म्हणजे आणखी ड्रिल, आणखी बुशिंग. ते नंतर.

लाकडाचा तुकडा पाऊण इंच चौरस आणि पाच इंच लांब पुरतो. तो नळ्यांच्या लांबीपेक्षा किंचित जास्त ठेवून कापायचा आणि मधोमध 7 मिलिमीटरचं भोक पाडायचं. ड्रिल हळू चालवा आणि पुन्हा पुन्हा बाहेर काढून भुसा झटका, नाहीतर आत तापून लाकूड तडकतं. मग नळी पॉलिश पेपरने बाहेरून खरवडून आत चिकटवायची. इथे माझ्या स्वयंपाकघराचा संबंध येतो. गोंद नळीच्या पोटात शिरू नये म्हणून नळीचं टोक बटाट्याच्या चकतीत दाबून बूच बसवतात. वाळल्यावर बटाटा कोरून काढायचा. युक्ती उत्तम आहे, पण बटाटा माझा असतो आणि रस्सा कमी का झाला हे विचारणाराही तोच माणूस असतो.

गोंद दोन प्रकारचे. दोन भाग मिसळायचा इपॉक्सी, जो सावकाश धरतो, आणि सायनोअॅक्रिलेट, म्हणजे तुमच्याकडच्या फेविक्विकच्या जातीतला. दुसरा आधी बोटं चिकटवतो, मग नळी. बोटं सोडवायला माझं नेलपॉलिश काढायचं अॅसिटोन लागतं, तेव्हा एक बाटली घेऊन ठेवा. आणि आई, देव्हाऱ्यातला कापूस या माणसांपासून लांब ठेवा. हा गोंद कापसावर पडला की कापूस तापतो आणि त्यातून धूर निघतो. आमच्याकडे हा प्रयोग झाला. मी वातीसाठी ठेवलेला कापूस यांनी गोंद पुसायला नेला होता. पुसायला कागदी टॉवेलच वापरायचे.

आता एक वस्तू, जी न घेण्याचा मोह प्रत्येकाला होतो : बॅरल ट्रिमर. नळीच्या आत जाणारा दांडा आणि त्याच्यावर दाती असलेलं डोकं. लाकडाची टोकं नळीशी बरोबर काटकोनात करायचं एवढंच त्याचं काम. पितळेचा काठ चमकायला लागला की थांबायचं. हे केलं नाही तर जोडताना मधल्या कड्याशी फट राहते आणि ती फट पेन हातात घेणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी दिसते. म्हणून माझ्या मते हा घ्याच.

मग मँड्रेल, म्हणजे ज्या सळईवर हे तुकडे ओवून लेथवर फिरवतात ती. तिच्या दोन्ही बाजूंना आणि मधे बुशिंग, म्हणजे मापाची कडी. लाकूड बुशिंगच्या मापापर्यंत उतरवलं की माप बरोबर. बुशिंग मात्र त्याच किटची हवीत, दुसऱ्याची चालत नाहीत. मागून आधार देणारं लाइव्ह सेंटर 60 अंशांचं असावं. सगळं घट्ट बसावं म्हणून कोकणी माणसाच्या जोराने आवळू नका. सळई किंचित वाकते आणि पेन गोल न होता लंबगोल होतं. यांची पहिली काही पेनं अशीच झाली. ती आम्ही 'पकड सुधारण्यासाठी खास आकार' म्हणून लोकांना भेट दिली.

हत्यारं दोनच पुरे. चौकोनी लाकूड गोल करायला रफिंग गाऊज आणि शेवटचा हात फिरवायला स्क्यू, ही आपली तिरप्या तोंडाची पटाशी. स्क्यू शिकायला वेळ लागतो. तो एकदा लाकडात अडकला की माणूस काही दिवस त्याच्याकडे बघत नाही. धार लावायची कटकट नको असेल तर कार्बाइडची चौकोनी पात्याची हत्यारं मिळतात. एक धार बोथटली की पातं फिरवायचं, चार कडा आहेत. जाणकार लोक यावर नाक मुरडतात, पण नवख्याने मुरडू नये.

घासायला पॉलिश पेपर 150 पासून 600 पर्यंत, पायरी न चुकवता. दर पायरीला लेथ थांबवून लाकडाच्या रेषेच्या दिशेने एक हात मारायचा, म्हणजे गोल ओरखडे जातात. यांच्याकडे 1500 ते 12000 अशा नऊ गाद्यांचा संचही आहे. अॅक्रिलिकच्या पेनांना तो लागतो, लाकडाचे इतके लाड करायची गरज नाही.

चकाकीसाठी इथे फ्रिक्शन पॉलिश वापरतात. त्यात काय असतं म्हणाल तर मुळात लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. कापडाला लावून फिरत्या लाकडावर दाबायची, घर्षणाने तापून ती बसते. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवून रंग चढवायच्या आपल्या जुन्या रीतीची ही चुलत बहीण, फक्त इथे बाटलीत बसून डॉलरात विकली जाते. घामाच्या हाताने ती हळूहळू उतरते हे खरं. म्हणून बरेच जण वरून त्याच सायनोअॅक्रिलेटचे पातळ थर देतात. टिकतं, पण इतकं चकचकीत होतं की लाकूड आहे हे सांगावं लागतं. मला ते आवडत नाही.

जोडायला खास प्रेस घेऊ नका, लाकडी फळ्या लावलेला व्हाइस चालतो. फक्त फिरकीचा भाग दाबताना सावकाश. जास्त आत गेला तर रिफीलचं टोक कायम बाहेर राहतं. थोडं दाबायचं, रिफील घालून पाहायचं, पुन्हा थोडं दाबायचं.

खर्च वाचवायचाच नाही अशी जागा एकच, चेहरा आणि फुप्फुसं. तोंडभर पारदर्शक ढाल आणि चांगला मास्क घ्या. शिसवीसारख्या लाकडांच्या धुळीने कित्येकांना खाज सुटते, शिंका येतात. लेथपाशी हातमोजे नाहीत, लांब बाह्या नाहीत आणि नाना, खांद्यावरचा पंचा तर अजिबात नाही.

इथल्या लाकडांचं मात्र मला वेड लागलंय. पश्चिम ऑस्ट्रेलियाचं लालबुंद जारा, मरी नदीकाठचं रेड गम आणि टास्मानियाचं ह्युऑन पाइन. ते झाड फक्त तिथेच होतं, इतकं हळू वाढतं की काही झाडं दोन हजार वर्षांच्या वरची आहेत. जिवंत झाड तोडायला बंदी आहे, जुनं पडलेलं, पाण्यात बुडालेलं लाकूड शोधून वापरतात. ते घासायला घेतलं की गॅरेजभर मसाल्यासारखा वास सुटतो. त्या दिवशी मी स्वतःहून चहा घेऊन आत जाते.

पेनांचं करायचं काय, हा प्रश्न उरतोच. संक्रांतीला मंडळाच्या हळदीकुंकवात मी वाण म्हणून पेनंच वाटली. बायका खूश झाल्या. पुढच्या आठवड्यात तिघींचे नवरे आमच्या गॅरेजमध्ये उभे होते आणि तिघींचे फोन मला आले. त्यातल्या एकीशी अजून अबोला आहे.

तुम्ही जुन्या घराचा फणसाचा वासा कापून पाठवतो म्हणालात, तो पाठवू नका. इथे विमानतळावर लाकडाची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. साल असेल किंवा किड्याचं भोक दिसलं तर अधिकारी ती सोडत नाहीत आणि न सांगता आणलं तर दंड. आपल्या वाशाला भोकं नाहीत असं तुम्ही म्हणाल, पण मी गणपतीत वर पाहिलंय. त्यापेक्षा त्याचे पाच इंचांचे तुकडे तिथेच करा. किट, त्यांची बुशिंग आणि 7 मिलिमीटरचं ड्रिल मी दिवाळीला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवते. वजनाला ते काहीच नाही, चकल्यांचा डबा परत येताना त्यात मावेल.

नातीचा पापा. तिने आजोबांसाठी पेन बनवलंय. लिहीत नाही, पण गोल आहे.

आपली सून

ता. क. : हे पत्र यांनी माझ्या पाठीमागून वाचलं आणि ओरडले, "ग्राइंडर कुठाय? धूळ ओढायचं यंत्र कुठाय? मँड्रेल सेव्हर कुठाय?" आज रात्री हे तुम्हाला फोन करणार आहेत. आई, नानांचं बँकेचं कार्ड तेवढं तुमच्या डब्यात ठेवा.