शून्याची फुली

ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला फ्रँक नेल्सन कोल हे गणिताचे प्राध्यापक भाषणाला उभे राहिले आणि बोललेच नाहीत, अशी आख्यायिका आहे. फळ्यावर त्यांनी २ चा ६७ वा घात काढून त्यातून १ वजा केला : १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. मग शेजारी १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ यांचा गुणाकार मांडला. उत्तर तेच! खडू ठेवून ते जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हे अवयव शोधायला तीन वर्षांचे रविवार लागले, असं त्यांनी पुढे सांगितल्याचं म्हणतात.

मला यातल्या टाळ्याच फार आवडल्या. रविवार कोलसाहेबांनी आधीच खर्ची घातले होते. माझ्या वाट्याला नुसता गुणाकार उरला होता. तेव्हा बहिणीकडे जेवणं आटोपल्यावर भाचीची चौकटीची वही मागून घेतली आणि जाहीर केलं, की आता मामा एक शब्दही बोलणार नाही.

तिसऱ्या ओळीलाच मौन सुटलं. ‘सात आठे छप्पन्न, हातचे चार, साठ...’

‘दादा, मनातल्या मनात गुण ना,’ आतून बहीण म्हणाली, ‘हे आत्ताच आडवे झालेत.’

बेरीज झाली. सुरुवात १४७ ने, शेवट २९२७ ने. मधलं कोण बघतो? तरी मी पक्का माणूस, नवाची कसोटी लावली. कोलच्या एका अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तिथेही अखेर १. म्हणजे गुणाकाराचाही १ यायला हवा. माझ्या उत्तराचा आलाच! मी खडू ठेवावा तसं पेन ठेवलं आणि टाळ्यांसाठी किंचित मान झुकवली.

‘मामा, एक अंक कमी आहे.’

खालच्या संख्येच्या मध्यावर शून्य होतं. शून्याची ओळ लिहायची गरज नाही, हे मला शाळेपासून पाठ. तिच्याऐवजी एक फुली वाढवावी लागते, हे नाही. त्यानंतरच्या चारही ओळी एकेक घर उजवीकडे सरकल्या होत्या.

‘पण नवाची कसोटी?’

‘तिला हे कळतच नाही. दहाला नवाने भागलं की एकच उरतो, म्हणून ओळ कितीही घरं सरकवली तरी बाकी तीच. अकराची लाव.’ तिने लावलीसुद्धा. खऱ्या संख्येची बाकी ६ आली, माझी कुठल्या कुठे.

मी तिला इतिहास ऐकवला. ही संख्या मूळ आहे, असं फ्रान्सच्या मर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये बेधडक छापलं. ते खोटं असल्याचं ल्यूका या गणितज्ञाने सिद्ध केलं १८७६ मध्ये, तेही अवयव न सापडता. मर्सेनची चूक निघायला २३२ वर्षं गेली. माझी तू चहा टाकायच्या आत काढलीस. एवढी घाई काय होती?