सूर्यनारायणांच्या बिलाबाबत

प्रति,
श्री. सूर्यनारायण,
मुक्काम पूर्व दिशा.

विषय: कोल्हापूर शहरातील घरगुती छतांवर पुरविलेल्या उजेडाचे बिल नामंजूर होत असल्याबाबत.

महोदय,

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवून वीज तयार करणाऱ्याला तिचा मोबदला मिळतो. ज्याच्या उजेडावर ती तयार होते त्याला मिळत नाही, कारण अर्जात ग्राहक क्रमांक, मंजूर भार आणि बँक खाते यांना रकाने आहेत, मूळ पुरवठादाराला नाही. सबब सदर बिल दप्तरी दाखल करण्यात येत असून, पैसे नेमके कोणाला, किती आणि कशाचे मिळतात याचा खुलासा खाली केला आहे.

घरच्या विजेचे पैसे देण्याच्या जगात दोन पद्धती रुळल्या. पहिली जर्मनीची. तिथे २००० साली झालेल्या कायद्याने छतावरच्या सौर विजेला युनिटमागे ९९ फेनिग असा दर वीस वर्षांसाठी बांधून दिला. घरात वापरलेल्या विजेचे बिल वेगळे आणि जाळ्यात सोडलेल्या विजेचे पैसे वेगळे. कोल्हापूरकराला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. ती डेअरीला दूध घालण्याची पद्धत आहे. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन संस्थेत जायचे, माप आणि फॅट लावून घ्यायची, दहा दिवसांनी बिल उचलायचे आणि दिवाळीला दूधफरकाची वाट बघायची. घरात चहाला दूध किती लागले याच्याशी संस्थेला देणेघेणे नसते.

महाराष्ट्रात छतावरच्या विजेसाठी दुसरी पद्धत आली, ती उसनवारीची. शेजारणीकडे वाटीभर साखर द्यायची आणि लागेल तेव्हा वाटीभर परत आणायची. मधल्या काळात बाजारात साखरेचा भाव काय झाला हे कोणी विचारत नाही. राज्य विद्युत नियामक आयोगाने २०१५ साली नेट मीटरिंगचे विनियम केले आणि २०१९ च्या अखेरीस त्यांच्या जागी नवे आणले. दोन्हींचा गाभा हाच: दिवसा जाळ्यात सोडलेले युनिट रात्री घेतलेल्या युनिटातून वजा करायचे आणि फरकाचे बिल द्यायचे. दुपारच्या आणि रात्रीच्या युनिटात फरक न करणारी ही वजावट हाच या व्यवहारातला खरा मोबदला आहे. लोक मात्र ‘वीज विकून कमाई’ असे म्हणतात, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

हिशोब जिन्याखालच्या भिंतीवर लटकलेल्या मीटरमध्ये चालतो. त्याच्या पडद्यावर थोड्या थोड्या वेळाने आकडे पालटतात: एकदा इंपोर्ट, एकदा एक्सपोर्ट. घरात तयार होऊन घरातच खर्चलेली वीज या मीटरला दिसतच नाही. दुपारी बारा वाजता पॅनेलमधून आलेल्या विजेवर मिक्सर, फ्रिज आणि पंखा चालले, तर ते युनिट मीटरपर्यंत पोचण्याआधीच संपते. उरले तेवढेच बाहेर पडते. म्हणून महिनाअखेरीस एक्सपोर्टचा आकडा इन्व्हर्टरवरच्या आकड्यापेक्षा कमी दिसतो, आणि युनिट कुठे मुरले असा संशय घेणारे प्रत्येक गल्लीत निघतात. ते कुठेही मुरलेले नसतात. त्यांचे शेंगदाण्याचे कूट झालेले असते.

उदाहरणादाखल राजारामपुरीतले एक घर आणि त्याच्या गच्चीवरचा ३ किलोवॅटचा संच धरावा. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चारेक युनिट मिळतात. म्हणजे महिन्याला ३६०. त्यातले ११० दिवसा घरातच संपले, २५० बाहेर गेले आणि रात्री १९० परत घेतले, तर ६० युनिट खात्यावर जमा राहतात. त्या महिन्यात वीज आकार शून्य. बिल मात्र शून्य नसते. स्थिर आकार राहतोच. सिंगल फेजला तो महिन्याला सव्वाशे रुपयांच्या आसपास आहे. ‘मुफ्त बिजली’ हे शब्द केंद्राच्या सौर छत योजनेच्या नावात आहेत, बिलाच्या रकान्यात नाहीत.

जमा युनिट पुढच्या महिन्यात, त्याच्याही पुढच्या महिन्यात ओढता येतात, पण आर्थिक वर्ष संपेपर्यंतच. ३१ मार्चला उसनवारीची वही मिटते. तोवर वापरात न आलेले युनिट वितरण कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि ती रक्कम पुढच्या बिलात धरली जाते. हा दर तीन रुपयांच्या आगेमागे असतो. उलट शंभर युनिटांच्या वरच्या टप्प्यात घरगुती ग्राहक एका युनिटला सगळे आकार धरून दहा रुपयांपेक्षा जास्त मोजतो आणि वर १६ टक्के वीज शुल्क भरतो. तेव्हा टाळलेले युनिट दहाचे आणि विकलेले युनिट तीनचे. गच्चीभर पॅनेल टाकून वर्षाला तीनशे युनिट शिल्लक पाडणाऱ्याच्या हाती नऊशे रुपये पडतात. जादा किलोवॅटवर घातलेल्या पैशांचे एवढे व्याज पतसंस्थेनेही दिले असते, आणि तिथे पॅनेल पुसावी लागली नसती.

याच कारणाने ज्या घराचा वापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे त्याची बचत थोडी, आणि ज्याच्या घरी एसी व गीझर आहे त्याची भरपूर. मोबदला उन्हाप्रमाणे सारखा पडत नाही, बिलाच्या टप्प्याप्रमाणे पडतो.

सरकारने या व्यवहाराला हात दिला तो विक्रीच्या दरातून नव्हे, खरेदीच्या खर्चातून. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेल्या याच ‘पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली’ योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये अनुदान आहे. ३ किलोवॅटला ७८,००० झाले की हात आखडतो. मग संच पाचचा असो की दहाचा. अनुदान हवे तर पॅनेल देशी बनावटीची लागतात. त्याच वर्षी केंद्राच्या नियमांत बदल होऊन १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरण्याची तरतूद झाली.

गच्ची मोकळी असली तरी ती उन्हात असेलच असे नाही. पॅनेल एका माळेत जोडलेली असतात आणि एकावर पाण्याच्या टाकीची सावली पडली तर अख्खी माळ मंदावते. सावलीचे हे शास्त्र कोल्हापूरला नवे नाही. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस किरणोत्सव होतो. मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी देवीच्या चरणांवर, मग मध्यावर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर पोचणे अपेक्षित असते. वाटेत एखाद्या इमारतीचा कोपरा आडवा आला की ती मध्येच थांबतात, आणि दुसऱ्या दिवशी गावभर त्या कोपऱ्याची चर्चा होते. पेठांतल्या दाटीवाटीच्या घरांना हीच अडचण बारमाही आहे. सूर्यनारायणांनी पुरवठा पूर्ण केला, तरी शेजारच्याने मजला चढवला तर तो दारातून परत जातो आणि त्याची तक्रार कुठल्याच खिडकीवर घेतली जात नाही.

पावसाळ्याचे वेगळे सांगायला नको. जुलैत कोल्हापूरला ऊन हे पाहुण्यासारखे येते. उन्हाळ्यात साठलेले युनिट इथेच कामाला येतात, म्हणून वर्षाची वही एप्रिलपासून सुरू होणे ग्राहकाच्या सोयीचे ठरले आहे.

एक गोष्ट मात्र पॅनेल लागल्यावरच अनेकांच्या लक्षात येते. जाळ्यातली वीज गेली की छतावरची वीजही थांबते, भर दुपारी बारा वाजता, कडक उन्हात. बॅटरी नसलेला इन्व्हर्टर जाळ्याच्या तालावर चालतो आणि तो ताल तुटला की स्वतःला बंद करतो. तसे केले नाही तर बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या अंगात छतावरचा प्रवाह जाईल. नियम योग्यच आहे. पण आठ पॅनेलांखाली बसून हाताने पंखा हलवणाऱ्याला तो पटवून देणे कठीण जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तेव्हा पाण्याने वेढलेल्या भागांतला वीजपुरवठा बंदच ठेवावा लागला. अशा वेळी गच्ची कोरडी असून उपयोग नाही. नदीकाठी राहणाऱ्याने इन्व्हर्टर आणि मीटर कुठे बसवायचे हे पुराच्या खुणेकडे बघून ठरवावे.

शेवटचा मुद्दा भावाचा. सूर्यनारायण सगळ्यांच्या छतावर एकाच वेळी माल उतरवतात, त्यामुळे दुपारी आवक वाढते आणि मार्केट यार्डात टोमॅटोचे होते तेच युनिटचे होऊ लागले आहे. जुलै २०२५ पासून नव्या मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झाली. दुपारची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग असेल, तर दुपारी दिलेली वाटी संध्याकाळी भरून परत का द्यायची, हा प्रश्न त्या वर्षीच्या दरसुनावणीतही निघाला. घरगुती ग्राहकासाठी वाटीला वाटी अजून चालू आहे. ज्याला संच बसवायचा आहे त्याने आधी बारा महिन्यांची बिले पुढ्यात घेऊन आपला वापर काढावा आणि तेवढ्याच किलोवॅटची मागणी करावी.

कळावे,

एक घरगुती ग्राहक, सिंगल फेज,
कोल्हापूर.

ता. क.: पॅनेल पावसाने स्वच्छ धुऊन निघाली आहेत. ढग तेवढे बाजूला घेण्याची व्यवस्था व्हावी.