भाऊंची राइड

भाऊ राइडला निघाले की गल्लीत आधी टेम्पो येतो.

पहाटे साडेपाचला छोटा हत्ती टुंटुं वाजवत उलटा उलटा आत शिरतो आणि आमचा शीव कोळीवाडा जागा होतो. टेम्पोचा मागचा फाळका खाली पडतो, फळ्या लागतात, आणि ओसरीतून भाऊंची बुलेट बाहेर निघते. याच ओसरीवर त्यांच्या वडिलांची जाळी असायची. भाऊ बुलेट चालू करत नाहीत. थंड इंजिनाला त्रास होतो. चौघे जण ढकलत ती वर चढवतात. दोनशे किलोला जेमतेम पाच कमी. भाऊ हँडल धरून पुढे असतात. अंगात जाकीट, गुडघ्यांना गार्ड, हातात मोजे, डोक्यावर हेल्मेट. मग दार उघडून ते ड्रायव्हरशेजारी बसतात आणि पट्टा लावतात.

प्रवासाला निघाल्यावर प्रवास सोडून बाकी सगळं करणारी माणसं हल्ली प्रत्येक गल्लीत असतात. भाऊ त्यांचे मुकुटमणी.

त्यांना हसणं सोपं आहे, पण गाडी बांधावी तर त्यांनीच. पुढचं चाक समोरच्या पत्र्याला भिडवून लाकडी पाचरीत अडकवायचं. साइड स्टँडवर अजिबात ठेवायची नाही, नाहीतर पहिल्याच खड्ड्याला स्टँड वाकतो आणि गाडी आडवी. गिअर पहिला. दोन पट्टे हँडलच्या खालून तिरपे खाली खेचायचे, पुढचा शॉकअप निम्मा दबेपर्यंत. पुरता दाबला तर सील जातं, सैल सोडला तर गाडी उड्या मारते आणि पट्ट्याचा आकडा निसटतो. हे सगळं भाऊ एखाद्या सुईणीच्या हाताने करतात. गाठ मात्र रॅचेटच्या वर आणखी एक होडीची मारतात. “ती कंपनीची, ही बापाची.”

गेल्या खेपेला नारळावरून तंटा झाला. वहिनींचं म्हणणं, नारळ बुलेटपुढे फुटला पाहिजे, ती चाललीय. ड्रायव्हर म्हणाला, चालतोय माझा टेम्पो. शेवटी दोन फोडले. भाऊंची ऐंशीच्या घरातली आत्या दारात बसून बघत होती. ती एवढंच म्हणाली, “होरी खांद्यावर घेऊन कोन दर्यावर जातं रं?”

भाऊंना हसलेलं चालत नाही. त्यांच्याकडे दाखले असतात. “कोकण रेल्वेवर १९९९पासून कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक मालगाडीवर बसून जातात. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये पाय पसरून झोपतो. त्याला हसता का तुम्ही?” लडाखला गेलेली पोरंसुद्धा, म्हणे, बहुतेक अशीच. गाडी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात द्यायची, टाकीतलं पेट्रोल काढायचं, आरसे उतरवायचे, गोणपाटात गुंडाळून वर नाव-पत्ता लिहायचा आणि आपण विमानाने पुढे जायचं. मग खारदुंगलाच्या पाटीपाशी फोटो. पाटीवर उंची १८,३८० फूट लिहिलेली असायची. प्रत्यक्षात ती साडेसतरा हजारांच्या आसपास आहे. “म्हणजे पाटीच आठशे फूट फेकते,” भाऊ म्हणतात, “आणि मी टेम्पो घेतला तर गुन्हा?”

या फेकण्यावरून आठवलं. त्यांच्या बुलेटचं मीटर चार वर्षांत ११४० किलोमीटर दाखवतं. भाऊ तीस हजार सांगतात. खोटं म्हणून नव्हे, टेम्पोचे धरतात. “गाडी गोव्याला गेली की नाही? मग गेली तेवढी गेली.” आमच्या गावाचं नाव तळलेल्या कोळंबीच्या पाठीवर बसून देशभरच्या मेनूकार्डांवर फिरून आलं. स्टेशनचं नाव बदलून गुरू तेग बहादूर नगर झालं, तरी मेनूकार्ड काही बदललं नाही. तेव्हा दुसऱ्याच्या पाठीवर बसून फिरण्याची इथे परंपराच म्हणायची.

खरं वेड लावलं ते न्यू जर्सीच्या भाच्याने. तिकडे म्हणे गाडीमागे ओढायचं घरच मिळतं. पुढे स्वयंपाकघर, मोरी, बिछाना, मागे गॅरेज. मागची अख्खी भिंत खाली पडते आणि तिचाच चढ होतो. बटण दाबलं की पलंग छताला जाऊन चिकटतो, खाली मोटरसायकली उभ्या राहतात. नाव टॉय हॉलर. खेळणी वाहणारं. भाऊंना नाव आवडलं नाही, कल्पना आवडली. त्यात २०२१मध्ये राज्य सरकारने कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्याचं कात्रण अजून त्यांच्या पाकिटात आहे, वहिनींच्या फोटोपुढे.

तेवढं घर आमच्या गल्लीत शिरणार नाही; शिरलं तर निघणार नाही. म्हणून भाऊंनी छोट्या हत्तीतच प्रयोग केला. हौदा सात फुटांचा, बुलेटही जवळजवळ सात फुटांची. माणसाला जागा उरली नाही. तेव्हा वर ताडपत्रीच्या लोखंडी कमानींना जुन्या जाळ्याची झोळी बांधली आणि कर्नाळ्याच्या पुढे एका ढाब्यावर भाऊ एक रात्र आपल्या बुलेटवर अधांतरी झोपले. सकाळी डोकं भणभणत होतं. पेट्रोलचा वास. “पण एकदम हवेशीर,” असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मागच्या हिवाळ्यात अलिबागला जायचं ठरलं. मलाही म्हणाले, “मास्तर, तुम्ही पण काढा तुमची.” माझी म्हणजे नऊ वर्षांची अ‍ॅक्टिव्हा. तिला कुणी कधी पाचर लावली नाही. मी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो पकडली. खालच्या मजल्यावर गाडी, वर आपण, तासाभरात पलीकडे. आता माझीही गाडी दुसऱ्याच्या पाठीवर बसून आलीच, हे मी कबूल करतो. पण मध्ये समुद्र होता.

भाऊ पनवेल, वडखळ करत येत होते. साडेदहाला चोंढीत भेटायचं होतं. बाराला फोन आला. पोयनाडच्या अलीकडे टेम्पो पंक्चर. स्टेपनी होती, तीही बसलेली. मी तिथे पोचलो तेव्हा टेम्पो जॅकवर तिरका उभा, ड्रायव्हर सावलीत आडवा, आणि हौद्यात बुलेट चकाकत होती.

“भाऊ, बुलेट उतरवा ना. पाच मिनिटांत चाक घेऊन याल.”

भाऊंनी रस्त्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. “खडी बघितली का किती आहे?”

मग टेम्पोचं चाक मांडीवर घेऊन भाऊ माझ्यामागे बसले. जाकीट, गार्ड, मोजे, हेल्मेट. अ‍ॅक्टिव्हाचं पुढचं चाक हलकं झालं. वाटेत शाळेतून सुटलेल्या पोरांनी आम्हाला हात केला. भाऊंनी राइडर लोक करतात तशी दोन बोटं खाली दाखवून उत्तर दिलं. चाक तेवढ्यात निसटता निसटता राहिलं.

पंक्चरवाल्याने चाक पाण्यात बुडवलं, बुडबुडे शोधले, आणि मग बराच वेळ भाऊंकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“कुठून आलात?”

भाऊंनी हेल्मेटची काच वर केली. “कोळीवाडा, मुंबई. पहाटेच निघालो.”

“हिच्यावर?” त्याने अ‍ॅक्टिव्हाकडे मान हलवली.

“छे! ही मास्तरांची,” भाऊ म्हणाले. “आपली मागे आहे. आराम करतेय.”