'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिणाऱ्या साहेबांना

माननीय अध्यक्ष,
अपघात चौकशी समिती

साहेब,

पॉवर प्रेसखाली कुणाची बोटे गेली, की दुसऱ्याच दिवशी तुमचा अहवाल तयार. कारण : कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय : समज दिली. या तत्परतेच्या निम्म्याने जरी बंद पडलेला सेन्सर दुरुस्त झाला असता, तर त्या पोराची बोटे आज जागेवर असती.

'हात आत का घातलास?' हे तुम्ही त्याला इस्पितळात जाऊन विचारलेत. सेन्सर बायपास करायला कुणी सांगितले, हे कुणालाच विचारले नाहीत. दोन्ही हातांनी दाबायची बटणे काढून पायाचे पेडल कुणी बसवले? ठेकेदाराने हेल्पर म्हणून आणलेल्या पोराला ऑपरेटरच्या जागी कुणी उभे केले? शिफ्टचे टार्गेट वाढवण्याच्या कागदावर सही कुणाची? उत्तरे देणारी माणसे तुमच्याच टेबलाभोवती बसली होती. म्हणूनच तुम्ही विचारले नाहीत, असा माझा थेट आरोप आहे.

दोष कामगारावर ढकलण्याची ही विद्या मात्र तुमची नव्हे, तुमच्याआधी फार मोठ्यांनी ती वापरली आहे. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ई-६१० टाकीत पाणी शिरले आणि मिथिल आयसोसायनेट वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणाऱ्या फ्लेअर टॉवरकडे जाणाऱ्या नळीचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. पाण्याचे फवारे गळतीच्या उंचीपर्यंत पोहोचतच नव्हते. तरीही युनियन कार्बाइडने नेमलेल्या सल्लागारांनी १९८८च्या मे महिन्यात जगाला सांगितले, की एका नाराज कामगाराने मुद्दाम पाणी सोडले. क्षणभर तेही खरे मानू. मग शीतयंत्रणा त्या कामगाराने बंद केली होती का? फ्लेअरची नळी त्याने काढून ठेवली होती का?

त्याच १९८८च्या जुलैत उत्तर समुद्रात पायपर अल्फा हा तेलफलाट जळाला, १६७ माणसे गेली. दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीला काढली होती, रात्रपाळीला ते कळलेच नाही, आणि पंप चालू केला गेला. तुमच्या हाती हे प्रकरण आले असते तर बटण दाबणाऱ्याच्या नावावर फाइल बंद झाली असती. चौकशी करणारे लॉर्ड कलन तिथे थांबले नाहीत. वर्क परमिटची पद्धत कागदावर एक आणि कामावर दुसरी का होती, पाळी बदलताना माहिती का हरवली, शेजारचे फलाट आगीकडे तेल का पाठवत राहिले, व्यवस्थापनाने काय तपासले नाही, हे त्यांनी खणून काढले. १९९०च्या अहवालात १०६ शिफारशी होत्या. सगळ्या स्वीकारल्या गेल्या, आणि समुद्रातल्या सुरक्षेची देखरेख ब्रिटनच्या ऊर्जा खात्याकडून काढून घेतली गेली. कंपनीवर फौजदारी खटला झाला नाही, याचा राग मला आजही आहे. पण तपास कशाला म्हणतात, ते तिथे दिसते.

तुमची प्रेस आत्ता, हे पत्र छापून येईपर्यंतसुद्धा, दुसऱ्या कुणाच्या तरी हाताखाली चालू आहे. ती आज थांबवा. मेंटेनन्सचे रजिस्टर, हजेरीपट आणि टार्गेटचे कागद चौकशीत घ्या, प्रेसवर रोज उभे राहणारे दोन कामगार समितीत घ्या. आणि अहवालावर सही करण्याआधी तो शॉप फ्लोअरवर, ठेकेदाराच्या पोरांनाही समजेल अशा मराठीत आणि हिंदीत, स्वतः उभे राहून मोठ्याने वाचून दाखवा.