पैलवानकीचा पहिला धडा : पडणे

आरशात दंड फुगवून पाहणाऱ्यांनी हा लेख वाचू नये. त्यांचं काम झालेलं आहे. ज्यांना खरंच कुणाला तरी आपटायचंय, त्यांनी पहाटे नगरच्या एखाद्या तालमीत जाऊन आधी हौद्याची माती उकरावी. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू आणि कापूर घालतात. तुमच्या पाठीची सोय आधीच करून ठेवलेली असते.

पडताना हात टेकवू नका, मनगट जाईल. हनुवटी छातीला लावा. अंग ताठ केलंत तर ओंडक्यासारखे पडाल, आणि ओंडका उचलायला कुणी येत नाही.

आता उभं राहणं. त्यासाठी वस्तादाआधी एसटीचा कंडक्टर बघा. पाथर्डीच्या गर्दीच्या गाडीत, दांडा न धरता, तो तिकीट देतो, सुटे मोजतो आणि मागच्याला पुढे सरकायलाही सांगतो. गुडघे सैल, कंबर खाली, पाय जमिनीशी बोलत असलेले. तुम्ही मात्र दांड्याला लोंबकळून ब्रेकला शिव्या देता.

ताकद कुठून आणायची, हा खरा प्रश्न. नवशिका हातानं ओढतो आणि दोन मिनिटांत धापा टाकतो. वस्ताद ओरडतो, “हातानं नको रे, कमरेनं!” कळत नसेल तर नेप्तीच्या कांदा मार्केटला जा. हमाल पन्नास किलोची गोणी दंडाच्या जोरावर उचलत नाही. गुडघे वाकवून ती मांडीवर घेतो, आणि टाच, मांडी, कंबर, खांदा एकाच झटक्यात कामाला लावून पाठीवर टाकतो. चीनमधल्या ताईचीवाल्यांची सगळी साधना या एका झटक्यासाठी असते. ताईचीला २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आमच्या हमालाला गोणीमागे हमाली मिळते.

ताईचीवाले एकमेकांचे हात ढकलत समोरच्याचा तोल चाचपतात, तीच आपली खडाखडी. मानेवर हात ठेवा आणि ऐका. तो रेटतोय? रेटू द्या. त्याचा भार पुढच्या पायावर आला की त्याचा हात खांद्यावरून ओढा, पाठ फिरवा, कंबर त्याच्या पोटाखाली घाला. झाली धोबीपछाड. कागदावर ती मला नेहमी जमते.

डोक्याचा तोल या धड्यात येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत इथल्याच वाडिया पार्कात महाराष्ट्र केसरीच्या निकालावरून वाद झाला, पंचाला लाथ बसली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. त्या लाथेत कमरेचा जोर किती होता, हे पंचच सांगू शकतील.

येताना लंगोट आणा, मोबाईल घरी ठेवा. पहिला महिनाभर माती फक्त तुमच्याच पाठीला लागेल, तेव्हा धुणं कोण धुणार ते आधी घरी ठरवून या.