बँड येणारच! नवशिक्या संशोधकांसाठी सोपी पद्धत

अभिनंदन! नागपुरात पीएचडीला नाव नोंदवलंत, गाईडनी 'पी53 बघून घ्या' म्हटलं आणि ते कॉन्फरन्सला निघून गेले. घाबरू नका. माणसाच्या पेशीतलं प्रथिन शोधायला सशाची एक पॉलिक्लोनल अँटीबॉडी पुरते. प्रथिन सापडेलच असं नाही, पण वेस्टर्न ब्लॉटवर काळा बँड मिळेल आणि प्रबंधाचं काम तेवढ्यावर भागतं.

1. खरेदी करा. कॅटलॉगमध्ये 'पी53, रॅबिट, पॉलिक्लोनल' एवढं दिसलं की पान मिटा. ही बाटली कुठल्या पेशींवर तपासलीय, असं डीलरला विचारू नका. तो 'चालते नं जी सर' म्हणेल, तेच प्रमाणपत्र. तीन कोटेशनं घ्या आणि सगळ्यांत स्वस्त निवडा. खरेदी समितीला एल-वन कळतो, एपिटोप नाही.

2. सशाची चौकशी करू नका. बिचाऱ्याला प्रथिनाचा तुकडा टोचतात, काही आठवड्यांच्या अंतरानं बूस्टर देतात आणि कानाच्या शिरेतून रक्त काढतात. त्या रक्तात प्रथिनाच्या निरनिराळ्या भागांना चिकटणाऱ्या अँटीबॉडींची खिचडी असते. शुद्धीकरण नीट झालं नसेल, तर सशाला जन्मात भेटलेल्या जंतूंविरुद्धच्याही त्यातच. ससा गेला की तो लॉट संपला. पुढच्या बाटलीत दुसरा ससा, लेबल मात्र तेच. म्हणून वहीत लॉट नंबर लिहू नका, उगाच फरक लक्षात येतो.

3. पार्सल मे महिन्यातच मागवा. बाहेर 45 अंश, खोक्यात जेल पॅकचं पाणी झालेलं. खोक्याला हात लावून 'थंडच आहे' म्हणा आणि सही करा. शुक्रवारी संध्याकाळी आलं, तर सोमवारपर्यंत वॉचमनकाकांच्या टेबलाखाली राहू द्या. मग उणे 20 अंशांच्या फ्रीजरमध्ये अख्खी बाटली टाका. छोट्या नळ्यांत वाटून ठेवणं हे रिकामटेकड्यांचं काम. तुम्ही रोज वितळवा, रोज गोठवा.

4. ब्लॉट लावा. मेंब्रेन 5 टक्के दूध पावडरच्या द्रावणात बुडवा. मग अँटीबॉडी, एकास हजार, रात्रभर. सकाळी सशाविरुद्धची शेळीची अँटीबॉडी घाला. सात बँड आले? छान, निवडीला वाव आहे.

5. बँड निवडा. पी53 चं हिशेबानं वजन सुमारे 44 किलोडाल्टन, पण जेलवर ते 53 च्या आसपास धावतं. ही देवाची कृपा समजा. 53 ला दिसला तर 'अपेक्षेप्रमाणे', 44 ला दिसला तर 'हिशेबाप्रमाणे', 70 ला दिसला तर 'प्रथिनात बदल झालाय', 30 ला दिसला तर 'तुकडा पडलाय'. उरलेले सहा संगणकावर कापून टाका.

6. कंट्रोल टाळा. एच1299 नावाच्या फुफ्फुसाच्या कर्करोगपेशींत पी53 नसतंच. त्या शेजारी लावल्या आणि तिथंही तोच बँड आला, तर दोन वर्षं पाण्यात. असल्या पेशी मागवूच नयेत.

7. संगत जपा. बजाजनगरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये क्षयाच्या मेंदूज्वरासाठी पाठीच्या पाण्यात जंतूचं अँटिजेन 85 शोधण्यावर काम झालंय. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या निदानासाठी पेनिसिलिनेज एलायझा बसवली गेली. असल्या कामात रोग्यांबरोबर रोग नसलेल्यांचेही नमुने लावावे लागतात, कारण उत्तर चुकलं तर माणसाला चुकीचं औषध जातं. तुमचा रोगी नाही, नुसता प्रबंध आहे. तिकडे फिरकू नका, सवय लागेल.

8. पेपर लिहा. 'पी53 ची अँटीबॉडी वापरली' एवढंच पुरे. कंपनी, कॅटलॉग नंबर दिला, तर कोणीतरी तोच प्रयोग करून बघेल.

एकटं वाटत असेल तर ऐका. 2023 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या एका गटानं, ज्या पेशींतून ते प्रथिन मुद्दाम काढून टाकलंय त्या शेजारी ठेवून, 65 मानवी प्रथिनांसाठीच्या 614 अँटीबॉडी तपासल्या. ज्या अँटीबॉडीला आपलं प्रथिन ओळखताच आलं नाही, तिच्यावर बेतलेले शोधनिबंध प्रत्येक प्रथिनामागे सरासरी बारा निघाले. तेरावा तुमचा. शुभेच्छा!