सौजन्य : गुगल

घारापुरीच्या त्रिमुखी सदाशिवाला ज्यांनी खडकातून बाहेर काढलं, ते कारागीर जाऊन सुमारे चौदाशे वर्षं उलटली. त्यांच्याकडून पत्र येईल अशी भीती मला कधीच नव्हती. पत्र आलं ते त्यांच्या कामाचा फोटो काढणाऱ्याच्या वतीने, आणि हा गृहस्थ ठणठणीत होता.

मी तालुक्याच्या गावातल्या एका कलामहाविद्यालयात भारतीय कलेचा इतिहास शिकवतो. म्हणजे जूनमध्ये भीमबेटकापासून रमतगमत निघतो आणि परीक्षा तोंडावर आली की अख्खं विसावं शतक एका तासात उरकतो. आमच्या ग्रंथालयातला अजिंठ्याचा पद्मपाणी काळा-पांढरा आहे, आणि कुण्या माजी विद्यार्थ्याने त्याला बॉलपेनने मिशा काढल्या आहेत. पोरांना रंग दिसावेत म्हणून वेबसाइट काढायचं मनाने घेतलं. भाच्याने ती उभी करून दिली आणि म्हणाला, “मामा, आता फोटो तुम्ही टाका.”

मी टाकले. कुठून, हा प्रश्न त्या काळात मला कुणी विचारला असता तर मी तो असभ्यपणा समजलो असतो. शोधायचं, सापडलं की उतरवून घ्यायचं आणि खाली लिहायचं, ‘सौजन्य : गुगल’. रोज तेच लिहून कंटाळा आला की ‘साभार : इंटरनेट’. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी ‘केवळ शैक्षणिक उपयोगासाठी’ हे वाक्य, दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची बांधतात तसं बांधून ठेवलं होतं. आता कुणाची नजर लागणार नाही, अशी माझी श्रद्धा.

नजर लागली ती परदेशातल्या एका फोटो विकणाऱ्या कंपनीची. पत्र अतिशय सभ्य होतं. आमच्या छायाचित्रकाराचा हा फोटो आपल्या संकेतस्थळावर दिसतो, परवाना कुठे दिसत नाही, तेव्हा इतके इतके युरो भरावेत. त्या युरोंचे रुपये केले तेव्हा मला आधी कॅल्क्युलेटरचा संशय आला.

शहाण्या माणसाने इथे वकील गाठला असता. मी इंटरनेट गाठलं. रात्री जेवण झाल्यावर बसलो आणि पहाटेपर्यंत अमेरिकन कायद्याचा पंडित झालो. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात १०७ वं कलम आहे. वापर न्याय्य की अन्याय्य, हे न्यायाधीशाने चार गोष्टी तोलून ठरवायचं : वापराचा उद्देश काय, मूळ कृती कशा प्रकारची, त्यातलं किती घेतलं आणि मूळ मालकाच्या बाजारपेठेवर परिणाम काय. तिथल्या कलेतिहासाच्या प्राध्यापकांच्या संघटनेने तर २०१५ साली यावर एक आचारसंहिताच छापली. तिच्यात अभ्यासकांनी उगाच घाबरू नये असा सूर आहे. मी घाबरणं तत्काळ थांबवलं.

आणि उत्तर लिहिलं. इंग्रजीत. उद्देश : विद्यादान. नफा : नाही, भाच्याला घातलेली जेवणं धरली तर तोटा. किती घेतलं, या मुद्द्यावर मी जरा अडखळलो, कारण फोटो अख्खा घेतला होता. पण लेखणी सुटली होती. मी लिहिलं की मूर्तीला मुखं तीन आहेत, एक कापलं असतं तर वापर दोन-तृतीयांशावर आला असता हे मान्य. परंतु मग तो सदाशिव राहिला नसता. बाजारपेठेबद्दल लिहिलं की माझी वेबसाइट मी आणि माझा भाचा मिळून पाहतो, त्यामुळे आपला धंदा बुडण्याचा संभव कमी. शेवटी २००६ सालचा एक अमेरिकन निकालही जोडला. एका रॉक बँडच्या इतिहासाच्या पुस्तकात जलशांच्या पोस्टरांवरची आणि तिकिटांवरची सात चित्रं परवानगीशिवाय छापली होती. ती अगदी लहान आकारात, काळाचा क्रम दाखवण्यापुरती होती म्हणून न्यायालयाने प्रकाशकाला सोडलं. माझा फोटो पडदाभर होता, हे मी त्यांना कळवलं नाही.

कंपनीचं उत्तर आलं. सभ्यपणा तोच, रक्कमही तीच.

मग मात्र वकीलबाईंकडे गेलो. बाई माझ्याच विद्यार्थिनी, शाळेत एलिमेंटरीच्या परीक्षेला मी त्यांना बसवलं होतं आणि स्थिरचित्रातला तांब्या पाहून ‘तुझा हात चित्रकलेचा नाही’ असं भर वर्गात सांगितलं होतं. त्यांनी माझं उत्तर शांतपणे शेवटपर्यंत वाचलं.

“सर, हे एकशे सात कलम कुठलं?”

“न्याय्य वापराचं.”

“देश कुठला?”

मी पाणी मागितलं.

आपल्याकडे १९५७ चा कायदा आणि त्यातलं ५२ वं कलम, हे त्यांनी मला एलिमेंटरीच्या पोराला समजवावं तसं समजावलं. अमेरिकेत चार गोष्टी तोलायच्या आणि दार उघडं ठेवायचं; आपल्याकडे मुळातच हेतूंची यादी आहे. स्वतःचा खासगी वापर आणि संशोधन, टीका किंवा समीक्षा, चालू घडामोडींचं वृत्त. “घारापुरी चालू घडामोडींत बसत नाही,” त्या म्हणाल्या, “पण समीक्षेत बसू शकते. फोटोखाली तुम्ही काय लिहिलंय?”

“अप्रतिम.”

“आणि?”

“उद्गारचिन्ह.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. शिक्षक म्हणून मला काही सवलत नाही का, असं मी विचारलं. आहे, म्हणाल्या. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने कुठल्याही कृतीची प्रत काढली तर कायदा आड येत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठमोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता, तेव्हा २०१६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवणं म्हणजे फक्त फळ्यासमोरचा तास नव्हे, असं सांगून दुकानाच्या बाजूने कौल दिला. मी खुर्चीतून अर्धा उठलो. “बसा, सर. वर्गाला दार असतं. तुमच्या वेबसाइटला आहे का?”

नव्हतं. माझी वेबसाइट म्हणजे चावडी. भाच्याने पुढे पासवर्ड बसवला, पण तो पोरांना सांगायचं मी विसरलो. ते प्रकरण वेगळं.

मग त्यांनी वेबसाइट उघडून एकेक चित्र तपासायला घेतलं. चित्रकार गेल्यानंतर ६० वर्षं, तीही पुढच्या जानेवारीपासून मोजून, हक्क राहतो. रविवर्मा गेले १९०६ साली, मोकळे. अमृता शेरगिल १९४१, मोकळ्या. धुरंधर १९४४, मोकळे. बाईंचं बोट एका चित्रावर थांबलं. हातात दिवा घेतलेली ती तरुणी, जिच्या बोटांच्या फटींतून उजेड झिरपतो. लाखो कॅलेंडरांवरून ती घरोघर गेली आहे.

“खाली ‘राजा रविवर्मा’ लिहिलंय तुम्ही.”

मला घाम फुटला. ते जलरंगातलं चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं, मूळ म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. ते रविवर्म्याचं समजणाऱ्यांची मनसोक्त टिंगलही करतो. पण फोटो ज्या पानावरून उचलला त्या पानाने रविवर्मा म्हटलं होतं, आणि मी ओळीसकट उचलला होता. हळदणकर गेले १९६८ साली. म्हणजे २०२८ चा डिसेंबर संपेपर्यंत हक्क जिवंत.

“थोडक्यात सर, तुम्ही माल उचललात एका घरातून आणि आभार मानलेत दुसऱ्याच घराचे.”

मोकळ्या चित्रांबद्दल तरी निश्चिंत व्हावं म्हटलं, तर तिथेही फोटोग्राफर उभाच. सपाट चित्राची हुबेहूब नक्कल करणाऱ्या फोटोत नवं काही नाही, म्हणून त्याला वेगळा हक्क नाही, असं न्यूयॉर्कच्या एका न्यायाधीशाने १९९९ साली म्हटलं. ते तिथलं, आणि तेही सपाट चित्रापुरतं. सदाशिव सपाट नाही. गुंफेतल्या अंधारात उजेड कुठून घ्यायचा, कुठे उभं राहायचं, हे ठरवताना फोटोग्राफरने घाम गाळलेला असतो. इथे मला प्रथमच त्या माणसाबद्दल आदर वाटला. पैसे अर्थात वाटले नाहीत. बाईंनी पत्रापत्री करून रक्कम बरीच खाली आणली आणि मी फोटो काढून टाकला.

“एवढं करण्यापेक्षा स्वतः काढा ना,” त्या म्हणाल्या. लोकांना जाता येतं अशा जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो घ्यायला आपला कॉपीराइटचा कायदा मोकळीक देतो. शेजारच्या भिंतीवरच्या चित्राला ती मोकळीक नाही. का नाही, हे कायदे करणाऱ्यांनाच ठाऊक. मला वाटतं, संसदेत शिल्पकारांची बाजू मांडणारा त्या दिवशी गैरहजर असावा.

तर मी घारापुरीला गेलो. सोमवारी. सोमवारी लेणी बंद असतात ही माहिती माझ्याच वेबसाइटवर, माझ्याच शब्दांत आहे. पुन्हा गेलो तर बरोबर नेलेल्या तिपाईला वेगळी परवानगी लागते असं पहारेकऱ्याने सांगितलं. हातात धरून काढायचं ठरवलं. पण सदाशिव आहे पार आत, दक्षिणेच्या भिंतीत, आणि माझा हात पन्नाशीनंतर स्थिरचित्राचा राहिलेला नाही. मधल्या मुखासमोरून एक नवपरिणीत जोडपं हलता हलेना. मी आदराने थांबलो. तेवढ्यात पिशवीतलं कणीस माकडाने नेलं. शेवटी जे छायाचित्र हाती आलं त्यात धूसर सदाशिव आहे, सुस्पष्ट नवरदेव आहे, आणि कायद्याने ते संपूर्ण माझं आहे.

चित्रांसाठी एका संग्रहालयात लेखी अर्ज दिला. परवानगी मिळायला इतके दिवस गेले की तेवढ्यात एखादा चित्रकार मोकळा झाला असता. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने २०१७ साली पावणेचार लाख छायाचित्रं जगाला फुकट, विनाअट देऊन टाकली. सातासमुद्रापलीकडचं राजस्थानी लघुचित्र माझ्या पोरांना मिशीच्या केसापर्यंत दिसतं, आणि शेजारच्या जिल्ह्यातला धुरंधर पाहायला तीन शिक्के लागतात. हे मी त्या संग्रहालयाच्या अभिप्राय वहीत लिहिणार होतो. वही कुलपात होती.

धुरंधरांची जलरंगातली चित्रं काचेमागे असतात, ते योग्यच. फ्लॅश वापरायचा नाही, तेही योग्य. पण खोलीत समोरासमोर खिडक्या होत्या आणि दिवस उन्हाचा. घरी येऊन फोटो मोठे करून पाहिले. नऊवारीतल्या स्त्रियांच्या घोळक्यामागे, डोक्यापासून कमरेच्या बऱ्याच खालपर्यंत, मी. दोन्ही हात वर, मोबाइल धरलेला, पोट पुढे. एकाही चित्रातून मी सुटलो नव्हतो.

बाईंना दाखवले. त्यांनी बराच वेळ निरखले. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली एका प्रकरणात, नुसती मेहनत पुरत नाही, किमान थोडी निर्मितीक्षमता हवी, असं म्हटल्याचं त्यांनी सांगितलं. “हुबेहूब आला असता तर वाद घालता आला असता, सर. पण हे बिनतोड आहेत. असं आजवर कुणी काढलेलं नाही. हक्क तुमचा.”

मी ते सगळे टाकले. खाली ठसठशीत अक्षरात ‘छायाचित्र : स्वतः’ लिहिलं आणि समीक्षेचं कवच असावं म्हणून प्रत्येकाखाली अर्धं पान रसग्रहणही. ते रसग्रहण कुणी वाचलं नाही. चित्रं मात्र पोरांनी पाहिली, असं वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना कळलं. धुरंधरांच्या एका चित्राचं रसग्रहण करा, असा प्रश्न होता. एका मुलाने स्त्रियांची अंगकाठी, लुगड्यांचे रंग, रेषेचा ओघ, सगळं नीट लिहिलं होतं आणि पुढे : ‘पार्श्वभूमीला दोन्ही हात वर करून उभा असलेला स्थूल गृहस्थ हा या चित्राचा खरा विषय होय. स्त्रियांच्या आनंदात त्याला स्थान नाही. त्याच्या चेहऱ्यावरील गोंधळातून चित्रकाराने तत्कालीन पुरुषाची अगतिकता प्रभावीपणे दाखवली आहे.’

दहापैकी आठ दिले.